हातचे दिवस

साहेब, तुम्ही फोनवर म्हणालात, "विसाच्या आत येऊन जा बे, दत्ता." आणि मी अठ्ठावीसचं तिकीट काढलं.

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? जुलै महिन्यात तुमच्या तोंडून निघालेली तारीख जशीच्या तशी धरणारा माणूस अख्ख्या बीडमध्ये होता का कुणी? मग मीच एकटा कसा काय धरणार होतो?

हे मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. बसून कसलं, दर दोन ओळींना उठतोय. बाहेर मिठाचे ट्रक रांगेत उभे आहेत, वारा सुटलाय, गांधीधामचा वारासुद्धा खारट. एक गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, पावती फाडायची, ड्रायव्हरशी मोडक्या गुजरातीत दोन शब्द भांडायचं आणि परत तुमच्याकडं यायचं. एवढं लांब मी आजवर काही लिहिलेलं नाही. सातवीत असताना आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलतो. परत गावी, उमापूरला आलो तेव्हा वर्ग पुढं निघून गेलता, आणि मी काही त्याच्या मागं पळालो नाही. पण तुमच्याशी बोलल्याशिवाय जीव ठिकाणावर येणार नाही, आणि तुमचा फोन तर हापिसातल्या मुजीबभाईनं बंद करून कपाटात ठेवलाय.

पेपरात तुमचा फोटो आल्ता. खाली छापलंय, 'मनमिळाऊ व शांत स्वभावाचे'. हे लिहिणाऱ्यानं तुम्हाला ऑगस्टात बघितलं असणार. जुलैतले तुम्ही म्हणजे वाढलेली दाढी, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात कुण्या गिऱ्हाइकाची, आणि स्वतःच्याच कानावरची पेन्सिल सापडत नाही म्हणून सगळ्या हापिसाचा उद्धार. काकू म्हणायच्या, "माझं लग्न दर जुलैत मोडतं आन् एक ऑगस्टला परत लागतं. त्याच नवऱ्याशी, हेच नशीब." एकदा काकू स्वतः डबा घेऊन हापिसात आल्या, तर तुम्ही मान वर न करता विचारलंत, "पॅन कार्ड आणलंय का?"

"मेथीची भाजी आणलीय," काकू म्हणाल्या.

"ते चालत न्हाई. ओरिजिनल लागतं."

काकू डबा तसाच ठेवून गेल्या. मुजीबभाई कॉम्प्युटरच्या मागं तोंड लपवून हसत होता, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत मला विचारत होता, "ती मघाची बाई कोण होती बे? ओळखीची वाटली."

पण मला तारखेवर यायचंय. सारखा तिथनंच निसटतोय.

रिटर्न भरायची शेवटची तारीख एकतीस जुलै, हे टीव्हीवर रोज सांगत होते. तुम्ही म्हणायचात, ती सरकारची तारीख, आपल्या हापिसाची वेगळी. आणि हापिसाची तरी एक कुठं होती? माणूस बघून तारीख. कापडवाल्या शेठला पंधरा, कारण तो उन्हाळ्यातल्या लग्नसराईचा हिशोब दिवाळीत करणारा. दाताच्या डॉक्टरांना पंचवीस, कारण 'त्यांना लोकांना तारखा द्यायची सवय हाय, स्वतःची पाळतील.' बियाणं-खताच्या दुकानाच्या बप्पांना दहा. कोण किती आळशी, कुणाच्या घरात लग्न, कुणाचा मुनीम पळून जाणार, सगळं तुमच्या डोक्यात. बेरीज करताना हातचा धरतात तसे तुम्ही माणसामागं दिवस धरायचात. 'हातचे दिवस' हा तुमचाच शब्द.

गाव तरी काय कच्चं होतं? चहाच्या गाड्यावर लोक तारखा ताडून बघायचे. दोन सख्ख्या भावांचं त्याच्यावरून वाजलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. थोरल्याला तुम्ही अठरा सांगितली, धाकट्याला बारा. धाकटा हापिसात येऊन उभा. "साहेब, मी काय त्याच्यापेक्षा जास्त आळशी हाय का? सगळ्या गल्लीत माझी अब्रू गेली." तुम्ही शांतपणे म्हणालात, "कागद आणलेत का?" तो म्हणाला, "न्हाई." तुम्ही म्हणालात, "मग अकरा कर."

लोक तुमच्या तारखेत दिवस मिळवायला लागले, तुम्ही आणखी हातचे वाढवले, लोकांनी आणखी मिळवले. शेवटी एका साली तुम्ही वैतागून बप्पांना जूनमध्येच सांगून टाकलंत, "बप्पा, संपली तारीख." तर बप्पा म्हणाले, "बरं झालं. आता घाई न्हाई."

बोर्डावर 'कर सल्लागार' लिहिलेलं होतं, पण सगळे तुम्हाला वकीलसाहेब म्हणायचे. कोर्टाची पायरी तुम्ही चढला नव्हता. टॅक्सचे कागद ज्याच्याकडं न्यायचे तो वकील, एवढंच गावाला ठाऊक. मी तुमच्या जिन्यासमोर रिक्षा लावायचो, भाड्याची. एक दिवस तुम्ही धावत खाली आलात, मागं बसलात आणि म्हणालात, "जालना रोड. पळव." मला वाटलं, ह्या माणसाचं कुणीतरी काहीतरी चोरलंय. कापड दुकानापाशी आल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "तो मला बघून मागच्या दारानं जातो. तू मागनं जा, मी पुढनं येतो." मी मागं गेलो, तर शेठ साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन खरंच बाहेर निघत होता. मला म्हणाला, "कोण तुमी?" मी म्हणालो, "रिक्षा." तो म्हणाला, "मी बोलवली न्हाई." मी म्हणालो, "माहीत हाय."

तेव्हापासून दर जुलै माझी रिक्षा तुमच्याकडं लागली. माणसं उचलून आणायचं काम. माझी रिक्षा दिसली की दुकानदार काउंटरखाली बसायचे. त्या महिन्यात पोलिसाच्या गाडीलाही एवढा मान नसेल.

एक गाडी आली. आलो.

बप्पांच्या ओटीपीची गोष्ट मी इथं सगळ्यांना सांगितलीय. बप्पांना त्यांच्या खताच्या पोत्यांमागनं काढून मी वर आणलं. मुजीबभाईनं सगळं भरून ठेवलेलं. आता फोनवर आकडे येणार, ते टाकले की काम फत्ते. पण नंबर बप्पांच्या बायकोचा, आणि ती माहेरी, आष्टीला. बप्पांनी फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, आत्ता फोनवर आकडे आले असतील, ते वाच."

"कावून?"

"कावून म्हंजे? रिटर्न भरायचंय."

"मी न्हाई सांगणार. बँकेतल्या मॅडमनं सांगितलंय, कुणालाच सांगायचे न्हाईत."

"अगं, मी नवरा हाय तुझा!"

"नवऱ्याचा आवाज काढून बी फोन येतात म्हणं."

तुम्ही फोन ओढून घेतलात. "वहिनी, मी वकीलसाहेब बोलतोय."

"तसले तर लईच येतात."

मुजीबभाई घड्याळाकडं बघत होता, आकडे मिनिटांत बाद होतात. बप्पांना घाम फुटला. तेव्हा पलीकडनं आवाज आला, "खरे नवरे असताल तर सांगा, मागच्या संक्रांतीला मला काय आणलं होतं?"

दाताचे डॉक्टर खुर्चीतनं पुढं वाकले.

"काहीच आणलं न्हवतं," बप्पा खाली बघून म्हणाले.

"बरोबर. लिहा आता."

तोवर आकडे बाद झालते. पण तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही मला म्हणालात, "दत्ता, बप्पांना पहिलं साडीच्या दुकानात ने. मग परत इकडं आण." आणि त्या कापडवाल्या शेठचं दुकान लागताच तो बिचारा परत मागच्या दारानं पळाला.

माझं स्वतःचं रिटर्न भरायची कल्पना तुमचीच. मी म्हणालो, साहेब, भाड्याची रिक्षा चालवतो, माझ्याकडं काय हाय भरायला? तुम्ही म्हणालात, शून्य भरायचं. मी म्हणालो, शून्यासाठी कागद कशाला रंगवायचा? तेव्हा तुम्ही कुणाला तरी शिव्या देत होता, त्या तशाच अर्ध्यात सोडून माझ्याकडं वळलात. "तुझं नाव शाळेच्या हजेरीत न्हाई, गावाकडच्या सातबाऱ्यात न्हाई. कुठंतरी एक ओळ असू दे बे. दत्ता हाय, एवढं कळवून टाकू." दर साली एकतीस जुलैला सगळ्यांचं झाल्यावर सगळ्यात शेवटी तुम्ही माझं रिटर्न भरायचात, आणि बटण दाबताना मोठ्यानं म्हणायचात, "दत्ता हाय." मुजीबभाई म्हणायचा, "हाजिर है."

त्या रिटर्नच्या ओळींवरच पुढं बँकेनं मला स्वतःच्या रिक्षासाठी कर्ज दिलं. आणि ह्या काट्यावर माणूस पाहिजे होता, दहावी पास पाहिजे होता, तेव्हा तुम्ही इथल्या शेठला फोनवर जे सांगितलंत ते मी जिन्यात उभा राहून ऐकलंय. "दहावी न्हाई. पण मी त्याला कधी खोटी तारीख सांगितली न्हाई, कारण तो कधी उशिरा आला न्हाई." खोटं बोललात साहेब. मला तुम्ही दर वेळी खोटीच सांगायचात. सवयच होती तुमची. पण त्या एका खोट्यावर माझं घर चालतंय. आजही नवा मॅनेजर केबिनमध्ये आला की मला वाटतं, हा आता सर्टिफिकेट मागणार. मग तुमचं वाक्य आठवतो आणि पावती फाडतो.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. मी म्हणायचो, "साहेब, हे खोट्या तारखांचं बरं न्हाई. एक दिवस तुमी खरी तारीख सांगताल आन् माणूस म्हणंल, हातचे धरून सांगितलेत."

तुम्ही चहा बशीत ओतून म्हणायचात, "खरी तारीख सांगितली की माणूस त्याच दिवशी सकाळी जागा होतो. त्याची पोरगी आजारी पडंल, लाईट जाईल, सर्व्हर झोपंल. त्याच्यासाठी मी त्याच्या नकळत चार दिवस मागं ठेवून देतो. घरातली बाई डाळीच्या डब्यात नोट लपवती ते काय नवऱ्याला फसवायला?"

"मग मला तरी खरी सांगत जा."

"तुला सांगीन. खरंच नड आली तर तुला एकट्याला खरी सांगीन."

हे वाक्य. हेच कुसळासारखं रुतून बसलं साहेब.

कारण जुलै लागता लागता तुमचा फोन आला. तुम्हाला धाप लागत होती. मी म्हणालो, जिना चढलात का? तुम्ही हूं म्हणालात. "विसाच्या आत येऊन जा बे, दत्ता. काम हाय."

"कावून साहेब? काय काम?"

"आल्यावर सांगतो. विसाच्या आत. ध्यानात ठेव."

"खरी तारीख सांगा ना."

तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात. "खरी कुणाला माहीत असती बे," म्हणालात आणि फोन ठेवलात.

मी हिशोब केला. वीस म्हणतायत, म्हणजे सात-आठ हातचे. अठ्ठावीसचं तिकीट काढलं आणि तुम्हाला ओळखल्याच्या खुशीत दिवसभर काट्यावर शीळ वाजवत होतो.

सतराला मुजीबभाईचा फोन. "दत्ताभाऊ, साब गेले."

मी म्हणालो, "कुणाकडं? मी नसताना कुणाच्या रिक्षात?"

त्यानं तेच परत सांगितलं. मग मला कळलं.

अहमदाबादपर्यंत रेल्वे, पुण्यापर्यंत ट्रॅव्हल्स, तिथनं एसटी. सगळ्या वाटेत मी एका जागी बसलो नाही. एसटीत कंडक्टर म्हणाला, "अहो, बसून घ्या, गाडी काय उभं राहिल्यानं लवकर जाती का?" डोक्यात एकच. मला एकट्याला खरी सांगीन म्हणालता. ती हीच होती का? माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं, आणि मी वर हातचे मिळवत बसलो का? आष्टीच्या स्टँडवर गाडी थांबली आणि बप्पांच्या बायकोची संक्रांत आठवली. मला हसू फुटलं. शेजारचा माणूस सरकून बसला. मग मी परत उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो, ते बीड येईपर्यंत.

त्या दिवशी एकोणीस तारीख होती. साहेब, मी विसाच्या आत आलो. तुमच्या तारखेच्या आत आलेला मी दुसराच. पहिले तुम्हीच, सतरालाच निघून गेलात.

मुजीबभाई जिन्यातच बसला होता. जाड चष्मा काढून शर्टाला पुसत होता, परत घालत होता, परत पुसत होता. म्हणाला, "भाऊ, साबने बुलाये तो एक न्हाई यायचा. परवा मातीला सगळे येळेच्या आधी हजर. कापडवाला शेठ सगळ्यात पुढं." मग म्हणाला, "बप्पा स्मशानात कागदांची पिशवी घेऊन आल्ते. 'आज आणून देतो म्हणून साहेबांना शब्द दिलता,' म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली आन् रडायला लागले. घरी येऊन बघतो तर मागच्या सालचे कागद."

आम्ही दोघंही हसलो. जिन्यात तुमच्या चपला होत्या. दोन्ही तुमच्याच, जोडीच्या. ते बघून मुजीबभाई उठून आत गेला.

काकूंसमोर बसलो, पण मान वर होईना. काकूंनी पाणी दिलं. मी म्हणालो, "काकू, साहेबांनी मला वीस सांगितलती. मी..."

"तू अठ्ठावीसचं काढलंस."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुझा फोन ठेवला आन् मुजीबला म्हणाले, 'दत्ताला वीस सांगितलीय, म्हंजे अठ्ठावीसला येतोय. शेवटच्या दिवसांत रिक्षा त्याच्याकडं.' तो नवा रिक्षावाला गिऱ्हाइकाला विचारतो, कधी येऊ घ्यायला? असं विचारून कुठं माणूस येतो का?"

"म्हंजे मला रिक्षासाठी बोलवलतं?"

"मग काय मांडी द्यायला? अरे, मरायचं कुणाच्या डोक्यात होतं? जुलैत मरायला त्यांना सवड होती का?" काकू बोलता बोलता हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावला.

साहेब, तुम्ही माझा हिशोब ओळखून होता. मी किती मिळवणार ते धरूनच तुम्ही कमी सांगितलंत. मी अगदी तुम्हाला पाहिजे त्याच दिवशी येत होतो. ह्या एका गोष्टीनं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि पुढच्या गोष्टीनं परत बसलं. कारण काकूंनी पदर बाजूला केला आणि सांगितलं, डॉक्टरांनी पंधराच्या आत ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. छातीचं. तुम्ही दवाखान्यातनं बाहेर आलात आणि काकूंना म्हणालात, "पंधरा म्हणतोय, म्हंजे ऑगस्ट. शहाणा माणूस खरी तारीख कशाला सांगंल? त्यानं बी हातचे धरलेच असतील."

साहेब, तो डॉक्टर आपल्यातला नव्हता हो.

त्यानं सरळ सांगितलं होतं. साऱ्या गावाला तुम्ही हातचे दिवस शिकवलेत, आणि त्यात सगळ्यात शेवटी सापडलात तुम्ही. ह्याचा मला इतका राग आलाय की काट्यावर गाडीचा आकडा दोनदा वाचावा लागतो. त्या दिवशी मी तिथं असतो तर तुम्हाला बप्पांसारखं पोत्यामागनं ओढून रिक्षात घातलं असतं. तुम्हीच शिकवलं होतं, एकानं पुढनं जायचं, एकानं मागनं. तुमच्या मागच्या दाराला कुणीच नव्हतं.

गाडी आलीय. थांबा.

काकूंना वाटलं मी आता परत जाईन. मी विचारलं, हापिसाचं काय? मुजीबभाई म्हणाला, घरात सुतक आहे, कसं उघडायचं? काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुतक घरात हाय. हापिसात न्हाई. लोकांचे कागद अडकवून त्यांना स्वर्गात तरी चैन पडंल का? उघडा."

माझी जुनी रिक्षा मुजीबभाईच्या मेव्हण्याकडं आहे. ती घेतली. मला वाटलं, आता कोण लपणार, आणि खरंच कुणी लपलं नाही. कापडवाला शेठ दुकानाच्या पुढच्या दारात कागद घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "मागनं येणार होतास का?" मी म्हणालो, "न्हाई शेठ." तो मुकाट्यानं रिक्षात बसला आणि तुमच्या जागेवर न बसता बाजूला सरकून बसला. बारा तारखेवाल्या धाकट्या भावानं थोरल्याच्या आधी कागद आणले आणि सगळ्यांना दाखवत फिरला. लोक जिन्यात रांगेत. मुजीबभाईचं मशीन तेच, त्याच्यावरचं ते गोल गोल फिरणारं चक्र तेच, आणि लोक त्याच्याकडं आरतीला उभं राहिल्यासारखे बघत उभे. शिव्या द्यायला मात्र कुणी नव्हतं. एकदा मुजीबभाईनं प्रयत्न केला, पण त्याला जमलं नाही. लगेच म्हणाला, "माफ करा."

अठ्ठावीसला, ज्या दिवशी मी येणार होतो, त्या दिवशी आणायला माणूसच उरला नव्हता. फक्त बप्पा. त्यांना ह्या सालचे कागद घरात सापडत नव्हते. ते एकतीसला दुपारी सापडले, बियाण्याच्या रिकाम्या डब्यात. ह्या वेळी बायकोनं आकडे पहिल्या फटक्यात सांगितले. फोनवर फक्त म्हणाली, "साहेबांच्या घरी कोण हाय आता?"

सगळ्यांचं झालं. मग मुजीबभाईनं माझं काढलं. आता शून्य नसतं त्यात, काट्याचा पगार असतो. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि थांबला. मीही थांबलो. खुर्ची तुमची, पंखा तुमचा, पण बोलायचं कुणी? शेवटी त्यानंच घसा साफ केला आणि तुमचं वाक्य म्हटलं. हाजिर है म्हणायला कुणी उरलं नाही, म्हणून ते मीच म्हटलं.

एक ऑगस्टला तुमची फेरी असायची. गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही माझ्या रिक्षात बसायचात आणि काहीही काम नसताना सगळ्या बाजारातनं हळूहळू फिरायचात. दुकानदार सवयीनं काउंटरखाली बसायचे. तुम्ही बाहेर डोकं काढून ओरडायचात, "अहो, आज काय नको! नुसतं बघाया आलोय!" ह्या साली काकू म्हणाल्या, जाऊन ये. मागची सीट मोकळीच ठेवली. मुजीबभाईला पुढं माझ्या शेजारी घेतलं, तो अर्धा बाहेर लोंबकळत होता.

बाजारात सगळे रस्त्याकडं तोंड करून उभे होते. कुणी खाली बसलं नाही. कुणी हात केला, कुणी टोपी काढली. बप्पांच्या दुकानापाशी आलो तर बप्पा दिसेनात. पोत्यांमागं धोतराचं टोक दिसत होतं.

"बप्पा," मी म्हणालो, "आज काय नको. नुसतं बघाया आलोय."

धोतराचं टोक आत ओढलं गेलं. मग बप्पा उठले. डोळे लाल, मिशीला खताची भुकटी. "सवय हाय रे," म्हणाले. रिक्षाच्या मागच्या सीटकडं बघत राहिले, सीटवर हात फिरवला, भुकटी लागली ती झटकली. मग विचारलं, "आता पुढच्या सालची तारीख कोण सांगणार? तूच सांग. कोणती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वीस जुलै."

बप्पांच्या मिशीत हसू आलं. बोटं पुढं धरून ते मोजायला लागले. "वीस. म्हंजे एकतीस."

"न्हाई बप्पा," मी म्हणालो. "वीस म्हंजे वीस."

बप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग मोकळ्या सीटकडं बघितलं, आणि मोजायला उघडलेली बोटं एकेक करून मिटून घेतली.